चौदा वर्षांच्या मुलीला वजन कमी करण्याचे इंजेक्शन: मामाच्या फ्रिजमधल्या पेनाबद्दल आणि त्यापलीकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौदा वर्षांची, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. पाळी अकराव्या वर्षी सुरू झाली, पण गेल्या वर्षभरात ती दोन-दोन महिने लांबते आहे. मान आणि काखा काळवंडल्या आहेत. तिच्या मामाने आठवड्यातून एकदा घ्यायचे टिर्झेपॅटाइडचे इंजेक्शन घेऊन आठ महिन्यांत चौदा किलो वजन उतरवले, त्याच्याकडे एक न वापरलेले पेन शिल्लक आहे आणि ते भाचीला द्यायची त्याची तयारी आहे. ते अर्ध्या डोसने सुरू करावे का, मुलांना ही इंजेक्शने चालतात का आणि चालत असतील तर काय सांभाळावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी वीस वर्षांहून अधिक काळ मुलांच्या हार्मोनच्या आजारांवर उपचार करते आहे आणि गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे जवळजवळ रोज येतो. मामाचे पेन मुलीला देऊ नका, हे माझे पहिले सांगणे. पण त्याचा अर्थ तिला असे औषध कधीच मिळू नये असा नाही. तिची उंची आणि वजन पाहता तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, ३४.५ येतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत लठ्ठपणाची जी रेषा आहे (प्रौढांच्या २७ बीएमआयशी जुळणारी), तिच्या तो बराच वर आहे. मानेवरचा काळेपणा हा मळ नव्हे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती खूण असते. तेव्हा कृपा करून तिला ती मान घासायला लावू नका. तिला उपचारांची गरज आहे, आणि या वयात औषधाचा विचार करणे म्हणजे आळशी मार्ग पत्करणे, असे मी मानत नाही. 'तोंडावर ताबा ठेव' एवढेच सांगून इतक्या मुलींना आम्ही डॉक्टरांनीही घरी पाठवले आहे, की ते वाक्य मला आता सहन होत नाही.

मुलांसाठी कोणते औषध तपासले गेले आहे, ते आधी पाहू. लिराग्लुटाइड हे रोज घ्यायचे इंजेक्शन. बारा वर्षांवरील लठ्ठ मुलांसाठी त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे. त्याला याच वयोगटासाठी डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ही मान्यता ज्या अभ्यासावर आधारली, त्यात बारा ते अठरा वर्षांच्या आतली २०१ मुले होती. अडुसष्ट आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचा बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी घटला होता, तर औषधाविना नुसते द्रावण टोचलेल्या मुलांचा जवळपास होता तिथेच होता. परिणाम मोठा आहे, यात शंका नाही. पण दोन गोष्टी त्याच अभ्यासातल्या आहेत. दोन्ही गटांतल्या मुलांना आहार आणि व्यायामाचे मार्गदर्शन आधीपासून आणि शेवटपर्यंत मिळत होते, म्हणजे नुसते इंजेक्शन कोणालाच दिलेले नव्हते. आणि त्यातली बहुसंख्य मुले गोऱ्या वंशाची होती. आपल्या मुलांमध्ये कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर डोकावतो, म्हणून ते आकडे आपल्या मुलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांमध्ये लिराग्लुटाइडचा एक छोटा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्यावरून आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे औषध सर्रास द्यावे असे म्हणता येत नाही. मी देत नाही.

मामा घेतो ते टिर्झेपॅटाइड या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. मुलांच्या लठ्ठपणासाठी लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड जसे तपासले गेले, तसा आधार त्याच्यामागे अजून उभा नाही, आणि तुमच्या मुलीसाठी तर त्यात एक वेगळी अडचण आहे. पाळी नियमित करण्यासाठी पुढे तिला स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, तर टिर्झेपॅटाइडमुळे पोट सावकाश रिकामे होते आणि त्या गोळ्या पुरेशा शोषल्या न जाण्याची शक्यता असते.

आता त्या पेनाविषयी. मामा आठ महिने औषध घेतो आहे, म्हणजे त्याचा डोस एव्हाना चढत गेलेला असणार. ही सगळी औषधे अगदी लहान डोसने सुरू करून दर चार आठवड्यांनी, लिराग्लुटाइड असेल तर दर आठवड्याला, एकेक पायरी वाढवायची असतात. सेमाग्लुटाइडच्या पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४ मिलिग्रॅम अशा आहेत. शेवटच्या पायरीवर पोहोचायला चार महिने लागतात, आणि एखाद्या मुलाला १.७ वरच बरे वाटत असेल तर तिथेच थांबायलाही हरकत नसते. हा सावकाशपणा आतड्यांना सवय व्हावी म्हणून असतो. वरच्या पायरीच्या पेनाने सुरुवात केली तर मुलगी दोन-तीन दिवस ओकत राहू शकते. अर्धा डोस म्हणजे नेमके किती, हे घरी मोजता येत नाही. शिवाय एकाचे पेन दुसऱ्याने वापरायचे नसते, सुई बदलली तरीही, कारण टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश पेनातल्या काडतुसात उलट शिरू शकतो. हे पेन अजून कोरे आहे हे खरे, पण एकदा सवय लागली की पुढचे पेन वाटून घ्यायला वेळ लागत नाही.

मोजमापाची चूक किती सहज होते, त्याचे एक उदाहरण सांगते. पंधरा वर्षांच्या एका मुलाला दोन दिवस उलट्या होत होत्या म्हणून रात्री आमच्याकडे आणले. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, सकाळपासून लघवी एकदाच. घरातल्या मावशीसाठी आणलेल्या कुपीतून त्याला 'थोडे' औषध द्यायचे ठरले होते, आणि कोणीतरी फोनवर सांगितले होते की सिरिंजवर दहाच्या आकड्यापर्यंत भरा. सांगणाऱ्याच्या मनात नारिंगी टोपणाची, शंभर युनिटची इन्सुलिन सिरिंज होती. तिच्यावर दहा म्हणजे ०.१ मिलिलिटर. घरात आजोबांच्या इन्सुलिनसाठी होती ती लाल टोपणाची, चाळीस युनिटची. तिच्यावरचे दहा म्हणजे ०.२५ मिलिलिटर, म्हणजे अडीचपट औषध. आजोबांची सिरिंज स्वच्छ होती, आईचा हात स्थिर होता, आकडा बरोबर दहाच होता. चूक फक्त टोपणाच्या रंगाची. मुलाच्या मूत्रपिंडावर ताण आला होता. दोन दिवस सलाइनवर राहून तो बरा झाला. या औषधाचा अंमल आठवडाभर टिकतो, एकदा टोचले की ते परत काढून घेता येत नाही आणि त्यावर उतारा नाही. म्हणून कुपी आणि सिरिंजचा मार्ग मुलांसाठी मी पूर्णपणे टाळते. ठरावीक डोसचे, कंपनीचे सील असलेले, औषधाच्या दुकानातून पावती घेऊन आणलेले आणि मुलाच्याच नावाने लिहून दिलेले पेन, एवढेच मला मान्य आहे. जिम, सौंदर्य-केंद्र किंवा घरपोच कुरिअरने आलेले स्वस्त 'तेच औषध' कितीही ओळखीच्या माणसाने दिले तरी घेऊ नका.

मग तुमच्या मुलीने सुरुवात कुठून करायची? पहिली भेट बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांचे हार्मोनतज्ज्ञ यांची. त्या भेटीत वजनकाट्याआधी उंचीची पट्टी महत्त्वाची असते. जास्त खाण्याने लठ्ठ झालेली मुले साधारणपणे वयाच्या मानाने उंच असतात. वजन वाढते आहे आणि उंची मात्र अडली आहे, असे दिसले तर थायरॉइड कमी पडत नाही ना, शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त बनत नाही ना, दम्यासाठी किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड चालू नाही ना, हे आधी शोधावे लागते. अगदी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून न भागणारी भूक असेल, तर एखादा जनुकीय आजारही असू शकतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे. म्हणून शाळेच्या आरोग्य तपासणीची जुनी कार्डे, लसीकरणाच्या वहीतली वजने, जे मिळेल ते घेऊन जा. त्या मळक्या पानांवरून जे कळते, ते महागड्या तपासण्यांवरूनही कधीकधी कळत नाही.

त्यानंतर रक्तदाब, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर), यकृताचे एन्झाइम, कोलेस्टेरॉल, थायरॉइड आणि पाळीच्या तक्रारीमुळे लागणाऱ्या हार्मोनच्या तपासण्या होतील. रात्री घोरते का, झोपेत श्वास अडल्यासारखा होतो का, वर्गात पेंगते का, हे विचारले जाईल. घरच्या आजारांची नीट उत्तरे द्या: कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग किंवा एकाच घरात अनेक अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठींचा आजार झाला असेल, तर या गटातले औषध द्यायचेच नसते. उंदरांमध्ये या औषधांनी थायरॉइडच्या त्या पेशींच्या गाठी झाल्या होत्या. माणसांत तसे सिद्ध झालेले नाही, पण त्या घरांसाठी मनाई स्पष्ट आहे. साधे 'थायरॉइड कमी आहे' म्हणून गोळी घेणारी आत्या किंवा आजी असेल, तर तिचा याच्याशी संबंध नाही. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल, पित्ताशयात खडे असतील, तर तेही सांगा.

एक प्रश्न मी प्रत्येक मुलीला आईला बाहेर बसवून विचारते, आणि तुम्हाला बाहेर बसायला सांगितले तर कृपया वाईट वाटून घेऊ नका. ती चोरून खाते का, खाल्ल्यावर मुद्दाम ओकते का, डबा न खाता फेकून देते का, शाळेत तिला काय म्हणतात, जगणे नकोसे वाटते का. खाण्याचाच आजार जडलेल्या मुलीच्या हातात भूक मारणारे औषध देणे धोक्याचे असते, कारण तिच्या उपाशी राहण्याला आपणच साधन पुरवतो. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग बाकीचे. औषध सुरू असतानाही मन उदास राहू लागले, झोप उडाली, मैत्रिणींशी बोलणे बंद झाले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवायचे. आणि सर्वांत आधी तिला स्वतःला हे इंजेक्शन हवे आहे का, हे तिच्या तोंडून ऐकायचे. मामाला, आईला, लग्नाच्या चिंतेत पडलेल्या आजीला हवे आहे, एवढ्यावर मी औषध लिहीत नाही.

समजा, हे सगळे पाहून डॉक्टरांनी सेमाग्लुटाइड सुरू करायचे ठरवले. जे ब्रँड लिहून देत आहेत, त्याच्या भारतातल्या माहितीपत्रकात वयाची अट काय आहे, हे त्यांना विचारा. मान्य वयोगटाबाहेर ते देत असतील, तर तसे स्पष्ट सांगून, कारण लिहून आणि तुमची संमती घेऊनच द्यायला हवे. पेन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला चिकटवून नाही; गोठलेले औषध वितळले तरी वापरायचे नसते. उघडलेले पेन किती दिवस चालते, हे ब्रँडनुसार बदलते, तेव्हा पहिल्या दिवशीच पेनावर तारखेची चिठ्ठी चिकटवा. आठवड्याचा एक वार ठरवा. शाळा नसेल असा दुसरा दिवस मिळावा म्हणून माझ्याकडच्या बऱ्याच मुली शनिवारी रात्री घेतात. बेंबीपासून चार बोटे लांब पोटावर किंवा मांडीच्या पुढच्या भागावर, दर वेळी जागा बदलून, दर वेळी नवी सुई लावून टोचायचे. बटण दाबून आकडा शून्यावर आल्यावर लगेच सुई ओढू नका; सावकाश सहा अंक मोजा, नाहीतर औषधाचा थेंब बाहेरच राहतो. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका आणि डबा भरला की दवाखान्यात द्या. कचरा वेचणाऱ्या माणसाच्या हाताला ती लागता कामा नये. टोचणे मुलीने शिकावे, पण पेन तुमच्या ताब्यात असावे आणि टोचताना तुम्ही समोर असावे. डोस चुकला आणि पुढच्या डोसला दोन दिवसांहून जास्त वेळ असेल तर लगेच घ्यावा, नसेल तर सोडून द्यावा. सलग दोन किंवा अधिक आठवडे चुकले, तर पुन्हा खालच्या पायरीवरून सुरुवात करायची का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका. कधीही दोन डोस एकत्र देऊ नका.

मळमळ, उलटी, पोट बिघडणे हे त्रास निम्म्याहून अधिक मुलांना होतात, बहुतेकदा डोस वाढवलेल्या आठवड्यात. थोडे थोडे खाणे, तळलेले टाळणे, पोट भरल्याची जाणीव होताच ताटावरून उठणे, यांनी ते बरेच आटोक्यात राहतात. 'ताटात टाकू नये' हे आपल्या घरांतले वळण या काळापुरते बाजूला ठेवावे लागते. त्यापेक्षा मुळात कमीच वाढा. पोटात सतत जोराचे, पाठीत जाणारे दुखणे आणि उलट्या म्हणजे स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली कळ, ताप, डोळे पिवळे होणे म्हणजे पित्ताशय. वर सांगितलेल्या अभ्यासातही औषध घेणाऱ्या सुमारे ४ टक्के मुलांना पित्ताशयाचे खडे झाले. अशा वेळी घरी ओवा-हिंग देत बसू नका, इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाणीही पोटात टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, तरीही तेच. मुलीला मधुमेह असून इन्सुलिन चालू असेल, तर साखर खूप उतरू शकते आणि त्याचे डोस आधीच बदलावे लागतात. अपेंडिक्स किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे आवर्जून सांगा, कारण उपाशी ठेवूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते आणि ते भुलीत श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

भूक मेल्यावर मूल काय खाते, याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते मुलांच्या बाबतीत खरी जोखीम इथेच आहे. प्रौढ माणसाचे शरीर बांधून झालेले असते. मुलांची हाडे, स्नायू अजून भरत असतात. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. दोन घास खाणारी मुलगी ते दोन घास वेफर्सचे खात असेल, तर काटा खाली येईल आणि मूल अशक्त होईल. म्हणून प्रत्येक जेवणात आधी वरण, उसळ, अंडे, पनीर, मासे यांपैकी काहीतरी, मग भाकरी-भाजी, आणि भात शेवटी. दूध किंवा ताक रोज. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाऊन बाकी दिवस कोरडा काढणे या काळात नको. मुलीला समजावून तेवढे उपास सोडायला लावा. मे महिन्याच्या उन्हात पाण्याची बाटली जवळ हवीच. आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम, मग तो सूर्यनमस्कारांचा असो वा कबड्डीच्या सरावाचा. दर भेटीत मी वजनाबरोबर उंची, पाळीची नोंद, हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे बी-१२ व ड जीवनसत्त्व पाहते. तुमच्या मुलीची पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाली, म्हणजे तिची उंची जवळपास पूर्ण झाली आहे. त्या दृष्टीने तिची काळजी तुलनेने कमी. उंचीची झेप अजून बाकी असलेला बारा वर्षांचा मुलगा असता, तर मी आणखी थांबून, आणखी सावकाश गेले असते.

वजन कमी झाले की पाळी नियमित होऊ लागते, आणि त्याबरोबर गर्भधारणेची शक्यताही वाढते. थोड्या मोठ्या मुलींशी हे मोकळेपणाने बोलावे लागते, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही आणि सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करावे लागते. तुम्हाला आज हे दूरचे वाटेल. डॉक्टरांनी विषय काढला तर अवघडून जाऊ नका, एवढेच.

किती दिवस घ्यायचे, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. सर्वांत वरच्या सोसणाऱ्या डोसवर बारा आठवडे काढूनही बीएमआय ५ टक्क्यांनी उतरला नाही, तर औषध चालू ठेवण्यात अर्थ आहे का, याचा फेरविचार व्हायला हवा. आणि उतरला, तर औषध बंद केल्यावर तो टिकत नाही, ही दुसरी बाजू आहे. प्रौढांच्या एका अभ्यासात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वर्षभरात परत आले. म्हणजे दहावीच्या निरोप समारंभापर्यंत चार महिने घेऊन सोडून देण्याचे हे औषध नाही. खर्चाचा हिशेबही वर्षांचा करा, महिन्याचा नको. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने किमती उतरणे अपेक्षित आहे, पण घर कर्जात टाकून सुरू केलेला उपचार मध्येच तुटतो आणि मूल पुन्हा स्वतःलाच दोष देते, हे मी पाहिले आहे. परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा. मेटफॉर्मिनसारखी स्वस्त गोळी लठ्ठपणावर फारशी चालत नसली, तरी पाळीच्या आणि साखरेच्या तक्रारीसाठी तिचा उपयोग होऊ शकतो, आणि आहाराचे काम तर कोणत्याही परिस्थितीत करायचेच असते.

या आठवड्यात एवढेच करा. मामाला सांगा की पेन त्याच्याकडेच राहू दे, त्याच्या डॉक्टरांना दाखवून ते वापरायचे की टाकायचे, ते त्याने ठरवावे. बालरोग हार्मोनतज्ज्ञांची वेळ घ्या. तुमच्या जिल्ह्यात नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात जा. मुलीच्या शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा, जुनी शाळेची कार्डे आणि तीन दिवस तिने काय काय खाल्ले, याची तिच्याच अक्षरातली नोंद बरोबर न्या. शाळेचा एक साधा दिवस, क्लासचा एक दिवस आणि रविवार, असे तीन दिवस निवडा. लिहिताना तिच्या खांद्यावरून वाकून पाहू नका.